मुलं किती? बीदर ते करजगी, तीन भाषांत

दीड वर्ष हा ब्लॉग बंद होता. या काळात "नवीन पोस्ट कधी?" असं तीन वाचकांनी विचारलं, त्यातला एक सोलर पॅनेल विकणारा होता. एवढी प्रचंड मागणी पाहून पुन्हा लिहायला बसले आहे.

बंद का होता ते एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी अडखळायला नको. आमची मुलगी सृष्टी गेली. सतरा वर्षांची होती, बारावीत नुकतीच गेली होती. डेंग्यू झाला, पाच दिवस दवाखान्यात होती आणि सहाव्या दिवशी नव्हती. तिचा मोठा भाऊ ओंकार बंगळूरला नोकरी करतो. मी सुमा, बीदरला एका मराठी शाळेत शिकवते. नवऱ्याचं, शिवराजचं, खत-बियाण्यांचं दुकान आहे. ब्लॉगवर मी त्याला शिवराज म्हणते, घरात "अहो" म्हणते, आणि गेलं दीड वर्ष दोन्हींची फारशी गरज पडली नव्हती. तो दुकानात असायचा, मी स्वयंपाकघरात.

या दीड वर्षात आम्हाला सल्ला मात्र भरपूर मिळाला. "देवाला चांगली माणसं लवकर आवडतात," असं एक बाई दारात चप्पल घालताना म्हणाल्या. त्या ब्याऐंशीच्या आहेत आणि तब्येत ठणठणीत आहे. "काळ हेच औषध," असं सगळेच म्हणाले, पण जेवणाआधी घ्यायचं की नंतर, ते कुणी सांगितलं नाही. एकानं फोनवर गुलाबाचं फूल पाठवलं आणि पाठोपाठ चुकून आपल्या मुलीच्या बारशाचं आमंत्रण. आणि सगळ्यांचा लाडका सल्ला: "कुठंतरी फिरून या. मन रमतं." मी प्रवासावर लिहिणारी बाई. मन रमवायचा माझा अनुभव दांडगा आहे, पण हे मन त्यात बसेना.

शेवटी करजगीहून माझ्या मोठ्या भावाचा, मल्लूअण्णाचा फोन आला. "सुमा, कवा यायलीस? कढई चढवायची हाय का न्हाई? वर्सावर सा म्हैने झाले."

हे कढई प्रकरण बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे घरात कुणी गेलं की तळण बंद. पुरी नाही, भजी नाही, पापडसुद्धा भाजून. मग वर्षाच्या आत माहेरच्यांनी त्या घरच्या बाईला बोलवायचं, नवी साडी द्यायची आणि आपल्या चुलीवर कढई चढवायची. पहिली पुरी तिच्या हातानं तेलात सोडायची आणि तिनंच खायची. त्यानंतर तिच्या घरी सणवार सुरू. खरं पाहता आम्ही लिंगायत, शरणांच्या वाटेनं चालणारी माणसं. आमच्यात सुतक नाही, माणूस मरत नाही तर लिंगैक्य होतो, म्हणजे शिवात मिसळतो, हे शेकडो वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. कढईला मात्र ते कुणी कळवलेलं दिसत नाही. मी वर्षभर "शाळा आहे" म्हणून टाळत होते. या वेळी शिवराज म्हणाला, "जाऊ की. नाहीतर त्यो अण्णा कढई घिऊन हिकडं येईल." म्हणून निघालो.

पहिला दिवस. सकाळी सातला बीदर सोडलं. टाकी भरून घेतली, हवा तपासली, दोघं मिळून चार वाक्यं बोललो. भालकीकडे जाणारा रस्ता आता चांगला आहे. बीदरची तांबडी माती संपून काळं रान लागतं ते कळतं. येळ अमावस्या, म्हणजे आमचा शेतात जाऊन जेवायचा सण, होऊन आठवडा झाला होता आणि त्यासाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपी शेतात अजून उभ्या होत्या. तूर काढायला आली होती. भालकीत सुसला आणि मिरची भजी खा, दोघांचं शंभर रुपयांत भागतं. सुसला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट प्रकार. बाहेरची भजी कढईच्या नियमात बसतात का, यावर शास्त्र गप्प आहे. मी दीड वर्ष खाल्ली नव्हती. शिवराजनं तीन खाल्ली. पुरुषांना हा नियम लागत नाही, बहुतेक त्यांचं दुःख उकडून घेता येतं.

भालकीतून डावीकडे वळून खटकचिंचोळी. हे माझं सासर. गाव मोठं आहे, बाजार आहे, चहा चांगला मिळतो. सासूबाईंना सगळे अव्वा, म्हणजे आई, म्हणतात. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. आमच्यात पुरतात, आणि सृष्टीला इथल्याच शेतात ठेवलं आहे. शिवराजनं तिथं समाधी बांधली. दर सोमवारी दुकान बंद ठेवून तो बीदरहून येतो, झाडतो, धुतो, फुलं वाहतो, परत जातो. यावर आम्ही कधी बोललो नाही. मी त्या दिवसानंतर तिथं गेलेली नाही.

या वेळी तो गाडी बांधापर्यंत घेऊन गेला. मी काच खाली केली. समाधीला त्यानं फिक्या निळ्या टाइल्स लावल्यात आणि वर पत्र्याचं छप्पर. टाइल्स बाथरूमच्या आहेत हे मला गाडीतूनही कळलं. तो वाकून एक-एक टाइल पुसत होता आणि मी मोबाइलवर हवामान बघत होते. अव्वा मागच्या सीटवर बसून आल्या होत्या.

"त्यो दर सोमवारी येतोय," त्या म्हणाल्या. "तू कामून येईनास?"

"शाळा असते, अव्वा."

"सोमवारी असती. आज कुठं हाय?"

अव्वांचं शिक्षण दुसरीपर्यंत झालंय, पण उलटतपासणीत त्या कुठल्याही वकिलाला ऐकणार नाहीत. मी उतरले नाही. निघताना त्यांनी शेंगाचटणीचा डबा हातात दिला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. डोळे कोरडे ठेवून नमस्कार केला, यात मी आता तयार झाले आहे.

हुमनाबादला चहा घेऊन दुपारी दोनच्या सुमाराला कलबुर्गी गाठली. बसस्थानकाजवळ लॉज बाराशेला मिळाला, गरम पाणी सकाळी सात ते आठ, म्हणजे सात वाजून दहा मिनिटांपर्यंत. शिवराज आडवा झाला. मी एकटीच रिक्षा करून किल्ला बघायला गेले. जरूर जा. आत घुमटांची मोठी मशीद आहे, सावली आहे, आणि आम्हा बीदरकरांना आपला किल्ला जास्त चांगला आहे असं मोठ्यानं म्हणायची संधी मिळते. मी म्हटलं. रिक्षावाले चाचा दुखावले नाहीत. त्यांनी आरशातून बघून, आमच्या भागात नाव-गावाच्याही आधी विचारतात तो प्रश्न विचारला.

"बच्चे कित्ते अम्मा?"

"दो."

"क्या करतें?"

"लडका नोकरी करता बंगलोर में. लडकी कॉलेज में है, धारवाड. खेती का पढती."

"अच्छा है. पढाओ बेटी कू. किसी की नक्को सुनो."

"हौ," मी म्हटलं, आणि उतरताना वीस रुपये जास्त दिले.

तुम्ही बरोबर वाचलंत. धारवाड, शेतीचं कॉलेज, पहिलं वर्ष. हे मी गेलं वर्षभर करते आहे. सुरुवात हैदराबादच्या बसमध्ये झाली. शेजारच्या बाईनं विचारलं, मी "दोन" म्हटलं, ती "मुलगी काय करते?" म्हणाली, आणि माझ्या तोंडून "बारावीला आहे" निघून गेलं. खोटं सोपं गेलं. मग मार्चमध्ये तिची परीक्षा आली. माझ्याच मनात आली, दुसरीकडे कुठं येणार? ऐंशी टक्के पडले. पुढं एका लग्नात अनोळखी बाईला मी "ॲग्रीला नंबर लागला" असं सांगितलं. खोटं बोलायचं तर दिनदर्शिका सांभाळून बोलावं, इतकी शिस्त माझ्यात आहे. ओळखीच्या माणसांपुढे ती गेलेली असते. अनोळखी माणसांपुढे ती अभ्यास करते. मला वेड लागलेलं नाही. मला एवढंच हवं होतं की दिवसातून एखाद्या माणसानं तरी तिच्याबद्दल "अच्छा है" म्हणावं.

शिवराजला यातलं काही माहीत नव्हतं. तो अनोळखी माणसांना काय सांगतो, हे मलाही माहीत नव्हतं. आमच्या घरात तीन भाषा बोलतात. मी बायकांशी मराठीत, तो दुकानात कानडीत, रिक्षावाल्यांशी दोघंही दखनीत. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं वर्षभर सुखानं नांदत होती, कारण ती एका भाषेत कधी समोरासमोर आली नव्हती.

दुसरा दिवस. ती समोरासमोर आली. अफजलपूरच्या रस्त्यावर एक खानावळ आहे, नाव सांगत नाही, कारण पुढं काय झालं ते वाचा. जेवण अप्रतिम. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी, मेथी, घट्ट दही, शंभर रुपये ताट, भाकरी हवी तेवढी. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गौरक्का मूळच्या अक्कलकोटकडच्या, त्यामुळं मराठी. गल्ल्यावर त्यांचे यजमान बसप्पा, ते कानडी. गौरक्का वाढता वाढता माझ्याजवळ बसल्या. लेकरं किती, काय करतात. मी माझा पाठ म्हटला: दोन, बंगळूर, धारवाड. "ग्वाड हाय पोरगी, शेतीचं शिकती म्हंजे," असं म्हणून त्यांनी मला आणखी एक वांगं वाढलं.

तिकडे हात धुऊन शिवराज गल्ल्यावर उभा होता. बसप्पांनी त्याला कानडीत हेच विचारलं असणार. मी ऐकलं ते फक्त उत्तर: "ओब्बने मग, री." एकच मुलगा.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. दर सोमवारी टाइल्स पुसणारा माणूस.

या खानावळीत एक पद्धत आहे. जेवून जाणाऱ्या आईबापांची लेकरं घरी किंवा परगावी असली, तर लेकरामागं एक होळगी, म्हणजे पुरणपोळी, कागदात बांधून देतात. पैसे घेत नाहीत. गौरक्का दोन पुड्या घेऊन आल्या. बसप्पांनी एक परत ठेवायला सांगितली. नवराबायकोची कानडीत जुंपली. ती म्हणते दोन, तो म्हणतो साहेबांनी स्वतः सांगितलं, एक. मग गौरक्का कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे वळल्या.

"तुमी म्हंता दोन. साहेब म्हंत्यात एक. किती म्हनायचं आमी?"

शिवराजनं माझ्याकडं पाहिलं. मी ताटाकडं पाहिलं. आणि बसप्पांना सगळं समजलं. म्हणजे त्यांना वाटलं, समजलं.

"आस्सं!" ते खुर्चीतून उठलेच. कानडी सोडून मोडक्या मराठीत आले, मलाही नीट ऐकू जावं म्हणून. "पोरगी मोजलं न्हाई तुमी! साहेब, शिकल्यालं मानूस दिसायलाव. पोरगा तेवडा लेकरू, आन् पोरगी काय गवत हाय? मला तीन पोरी हायत. पोरगा एक बी न्हाई. कुनी इचारलं तर तीन म्हंतो मी. शून्य म्हनत न्हाई!"

जेवणारी चार माणसं हातातला घास थांबवून बघत होती. एकजण मान डोलावत होता. शिवराजला तीन शब्दांत सुटता आलं असतं. "पोरगी वारली हो." एवढं म्हटलं असतं की बसप्पांची मान खाली, आणि माझी त्याहून खाली, कारण मग धारवाडचं काय, ते गौरक्कांनी मला विचारलं असतं. तो उभा राहिला. दोन्ही हात पुढं बांधून, मास्तरांसमोर उभं राहावं तसा.

"चुकलं, अप्पा," तो म्हणाला. "दोन हायत."

"काय शिकती पोरगी?"

"शेतीचं," मी म्हटलं.

"शेतीचं शिकती," शिवराज म्हणाला.

"कितव्या वर्साला?"

तो माझ्याकडं बघायला लागला.

"बघा! बापाला वर्स ठावं न्हाई!" बसप्पांनी कपाळाला हात लावला. पण माणूस मनानं मोठा. दोन्ही पुड्या त्यांनी स्वतः शिवराजच्या हातात दिल्या आणि वरच्या पुडीवर बोट ठेवून म्हणाले, "ही पोरगीची. आदी तिला."

खूप टोमणे मी आयुष्यात मारलेत आणि खाल्लेत. त्या दिवशी एका भल्या माणसानं, अगदी योग्य गोष्टीसाठी, अगदी चुकीच्या माणसाला झापलं, आणि मला नवऱ्यासाठी उभं राहता आलं नाही. लाज वाटली. अजून वाटते.

गाडीत दहा मिनिटं फक्त इंडिकेटरचा आवाज होता. तो चालू राहिला होता आणि कुणी बंद केला नाही.

"ॲग्रीला कामून घातलीस तिला?" शिवराज म्हणाला.

मी तयार होते ते "खोटं का बोलतेस" याला. यासाठी नव्हते. "दुकान पुढं कुणीतरी चालवायला नको?" मी म्हटलं.

"तिला चिखलाची किळस यायची. शेतात न्हेलं की चप्पल काढत नव्हती. आन् तू ॲग्रीला घालायलीस."

"मग कशाला घालायची होती?"

"मला इचारलंस का? बाप हाय मी. आडमिशन घ्यायच्या आदी बापाला इचारत न्हाईत व्हय?"

"तुमच्या हिशेबात ती आहे कुठं विचारायला? ओब्बने मग!"

"दोन म्हनलं की फुडं इचारत्यात," तो म्हणाला. "पोरगी काय करती म्हनून. मग सांगावं लागतंय. सांगितलं की समोरचा मानूस पांढरा पडतोय, आन् मलाच त्याला बसवून पानी द्यावं लागतंय. युरियाचं पोतं घ्यायला आल्यालं मानूस, त्याची समजूत मी काढायलोय! दुकानात आट-दा जनांची काढली. मग एक म्हनायला लागलो. एक म्हनलं की पोतं घिऊन जात्यात."

हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून मी थांबायला हवं होतं. पण तोंडाला सवय असते.

"तिला डिझायनिंगला जायचं होतं," मी म्हटलं. "तुम्हीच नको म्हणालात."

"नको म्हनलो न्हाई." त्यानं गाडी बाजूला घेतली. शेजारून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन गेला, त्यावरच्या गाण्यासकट. "बघू म्हनलो हुतो. बघू म्हनलो हुतो ना मी?"

तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. दवाखान्यात रडला नव्हता, शेतात माती लोटताना रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "हो, बघू म्हणाला होतात." आणि मग मीही रडले. वाटेनं जाणाऱ्या दोन मोटारसायकली थांबल्या, पंक्चर आहे का विचारून गेल्या. थोड्या वेळानं भूक लागली. नुकतंच जेवलो होतो, तरी लागली. तिच्या नावाची होळगी आम्ही अर्धी-अर्धी खाल्ली.

करजगी. अफजलपूरपासून पाऊण तास धरा. भीमेच्या अंगानं ऊसच ऊस आणि रस्त्यावर त्याचीच ट्रॅफिक, म्हणून वेळ हाताशी ठेवा. मल्लूअण्णानं दारातच साडी पुढं केली, आमसुली, मला अजिबात न आवडणारा रंग. वहिनीनं मला मिठी मारून खांदा ओला केला आणि लगेच विचारलं, "तेल शेंगदान्याचं चालतंय ना?"

संध्याकाळी चार वाजता अंगणात चूल मांडली. गल्लीतल्या दहा-बारा बायका आल्या. मी मनातल्या मनात वाक्यांची यादी घेऊन बसले होते आणि ती एक-एक करून येतही होती. देवाची इच्छा, आली. तिचं तेवढंच देणं होतं, आलं. मग शेजारची एक बाई म्हणाली, "जाऊ दे सुमा. देवानं एक तर ठिवला. पोरगा हाय की." मी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं बसायची जागा बदलली.

शांतव्वा म्हणून एक म्हातारी आहे, माझ्या आईच्या बरोबरीची. दिसतं कमी, ऐकू बरं येतं. ती भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला हाक मारली.

"सुमा, तुला किती झाली? आन् किती हायत?"

मला क्षणभर कळलंच नाही. आयुष्यभर मी हा प्रश्न म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलाय. एका दमात दोन प्रश्न. आमच्या पिढीनं त्यातला एक काढून टाकला, कारण आता दवाखाने आहेत, लसी आहेत, जेवढी होतात तेवढी असतात असं आपण धरून चालतो. आम्ही दोघं शिकलेली माणसं एका प्रश्नाचं खरं उत्तर देता येईना म्हणून वर्षभर दोन खोटी उत्तरं देत फिरत होतो. आणि ही निरक्षर बाई दोन प्रश्न विचारून मोकळी झाली.

मी तोंड उघडायच्या आत उंबऱ्यावरून शिवराज बोलला. पुरुषांनी या बायकांच्या बैठकीत बोलायचं नसतं. तो बोलला.

"दोन झाली, अव्वा. एक हाय. सृष्टी गेली."

कुणी पांढरं पडलं नाही. कुणाला पाणी द्यावं लागलं नाही. शांतव्वानं मान हलवली.

"मला सात झाली," ती म्हणाली. "तीन हायत. निंगव्वा गेली, सिद्दू गेला, काशी गेली. एकाचं नाव ठिवायच्या आदीच गेलं. त्याला बाळच म्हंतो."

"मला चार," चुलीपाशी पीठ मळणारी एक जण म्हणाली. "तीन हायत."

"माज्या आईला नऊ झाली हुती. पाच ऱ्हायली."

आणि ती मघाची बाई, जागा बदललेली, हळूच म्हणाली, "दोन झाली. एक हाय." ती मला वर्षानुवर्षं ओळखते. मला हे माहीत नव्हतं. तिला "देवानं एक तर ठिवला" कुणी आणि कधी सांगितलं असेल, ते मी विचारलं नाही. मघाच्या त्या नजरेबद्दल मात्र मनातल्या मनात तिची माफी मागितली.

मग वहिनीनं पुरी लाटून माझ्या तळहातावर ठेवली आणि मी ती तेलात सोडली. फुगली. न फुगती तर ब्लॉगला बरं झालं असतं, पण टम्म फुगली. मी खाल्ली. चांगली लागली, आणि चांगली लागली याचा मला इतका राग आला की मी दुसरी मागून घेतली.

तिसरा दिवस, परत. मी ठरवलं होतं की खानावळीत थांबून बसप्पांना खरं सांगायचं आणि शिवराजच्या डोक्यावरचा आळ काढायचा. भाषण तयार केलं होतं. जाऊन बघतो तर शटर बंद, आठवड्याची सुट्टी. म्हणजे त्या खानावळीच्या लेखी आमची मुलगी अजून पहिल्या वर्षाला आहे आणि तिचा बाप तिला मोजत नाही. शिवराज म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तिथं तरी ऱ्हाऊ दे." खटकचिंचोळीला गाडी पुन्हा बांधापर्यंत गेली. मी या वेळीही उतरले नाही. सगळं एकाच फेरीत होत नसतं. तो टाइल्स पुसून आल्यावर मी एवढंच सांगितलं की त्या बाथरूमच्या आहेत. "दुकानदारानं फसवलं मला," तो म्हणाला, आणि आम्ही भालकी येईपर्यंत त्या दुकानदाराला शिव्या घातल्या.

आता हिशेबाचं. अडीच दिवस, पेट्रोल धरून दोघांचं सहा हजारांत बसतं. रस्ते बरे आहेत, उसाच्या हंगामात दिवसाच गाडी चालवा. मन रमतं का? नाही. सल्ला देणाऱ्यांना तसं कळवून टाका. बदल एवढाच झाला की परवा दुकानात एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, तेव्हा शिवराजनं "दोन झाली, एक हाय" असं सांगितलं. गिऱ्हाईक पांढरं पडलंच. पण या वेळी शिवराजनं त्याला पाणी दिलं नाही, पोतं दिलं. आणि मी शाळेत नव्या बाईंना सृष्टीचं नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं नाही. धारवाड बाहेरच्यांसाठी बंद केलंय.

काल सकाळी चहाचा कप हातात घेऊन शिवराज स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. दीड वर्षात तो तिथं उभा राहिला नव्हता.

"हॉस्टेलचं जेवन कसं हाय म्हन्ती?" त्यानं विचारलं.

मी गॅस बारीक केला. वर्षभर मी तिला परीक्षेला बसवलं, पास केलं, ॲडमिशन घेतली, आणि ती रोज जेवते कुठं याचा विचारच केला नव्हता.

"दोन्ही वेळ भातच असतो म्हणते," मी म्हटलं.

"भात तिला चालत न्हाई."

"तेच सांगत होती."

त्यानं कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "सांग तिला, काढ म्हनावं थोडे दिवस. व्हतीय सवय."

"सांगते," मी म्हटलं.